मूळ कुठले, आणि कोणत्या तारखेचे? : उपखंडातील मुसलमान, मिश्र वंश आणि सीमा

कोकणच्या किनाऱ्यावरील चौल हे बंदर दहाव्या शतकात अरबांना ‘सैमूर’ या नावाने माहीत होते. इ. स. ९१६ च्या सुमारास अल-मसूदी हा बगदादचा प्रवासी तेथे आला, तेव्हा तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने नोंदवून ठेवले. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद अशा निरनिराळ्या ठिकाणांहून आलेले व्यापारी येथे लग्ने करून स्थायिक झाले होते, राजाने नेमलेला त्यांच्यातीलच एक प्रमुख त्यांचे व्यवहार पाहत असे, आणि त्यांच्याबरोबर ‘बयासिरा’ म्हणून ओळखला जाणारा आणखी एक वर्ग नांदत होता. बयासिरा म्हणजे कोण, हेही अल-मसूदी सांगतो : मुसलमान आईबापांच्या पोटी हिंदच्या भूमीत जन्मलेले लोक.

म्हणजे अकराशे वर्षांपूर्वी, दिल्लीत सुलतान येण्याच्या जवळजवळ तीन शतके आधी, ‘बाहेरून आलेला मुसलमान’ आणि ‘इथे जन्मलेला मुसलमान’ असे दोन वेगळे शब्द वापरण्याइतकी वस्ती या किनाऱ्यावर जुनी झाली होती. त्याच काळातील दुसरा पुरावा डहाणू तालुक्यातील चिंचणी येथे सापडलेल्या ताम्रपटात आहे. शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ चा हा संस्कृत लेख सांगतो, की राष्ट्रकूटांच्या वतीने संजाण प्रांताचा कारभार मधुमती नावाचा एक ‘ताजिक’, म्हणजे अरब, पाहत होता. मधुमती हे ‘मुहम्मद’ या नावाचे संस्कृत रूप, असे अभ्यासक मानतात. या अधिकाऱ्याने नदीवर मोफत होडीची सोय केली, वाटसरूंना भात, कालवण आणि तूप फुकट मिळेल असे अन्नछत्र घातले, आणि देवीच्या एका मठिकेला जमीन मिळण्यास संमती दिली. त्याला मुसलमान म्हणावे, अरब म्हणावे की राष्ट्रकूटांचा मांडलिक म्हणावे, हा प्रश्न त्या लेख कोरणाऱ्याला पडलेला दिसत नाही.

हा प्रश्न पडू लागला तो फार नंतर, आणि तो पडण्याचे कारण वंश हे नसून सीमा हे होते. भारत, पाकिस्तान, बांगलादेश आणि म्यानमार या चार शेजारी देशांतील मुसलमानांविषयी बोलताना ‘हे मूळचे कुठले’ असे विचारले जाते, तेव्हा एकाच वाक्यात दोन वेगळे प्रश्न दडलेले असतात. एक प्रश्न पूर्वजांचा असतो आणि त्याचे प्रामाणिक उत्तर जवळजवळ नेहमीच ‘अनेक ठिकाणचे’ असे येते. दुसरा प्रश्न कायद्याचा असतो, आणि कायद्याला ‘अनेक’ हे उत्तर चालत नाही. त्याला एक देश आणि एक तारीख लागते. या लेखाचा विषय असलेला सगळा गुंता त्या दोन प्रश्नांची गल्लत झाल्यामुळे निर्माण झाला आहे.

आधी पूर्वजांचे पाहू. उपखंडात इस्लाम एका वाटेने आला नाही, म्हणून त्याच्या अनुयायांचा वंशही एका जातीचा नाही. पश्चिम किनाऱ्यावर तो जहाजांतून आला. वाऱ्यांची दिशा बदलेपर्यंत व्यापाऱ्यांना महिनोन्‌महिने बंदरात थांबावे लागे. अशा मुक्कामांत लग्ने होत, घरे होत आणि मुले आईची भाषा बोलत. कोकणी मुसलमान, भटकळचे नवायत, केरळचे मापिळ्ळा आणि तमिळनाडूचे मरक्कायर हे सगळे या वाटेवरचे समाज. नवायतांची बोली कोकणीच्या जवळची, मापिळ्ळांची मल्याळम आणि कोकणी मुसलमानांची घरची बोली मराठी-कोकणी, यावरूनच आईच्या बाजूचा वाटा किती मोठा होता ते कळते. रत्नागिरी-रायगडकडच्या मुसलमानांत परकार, दळवी, देसाई, नाईक ही आडनावे आढळतात, याचे आपल्याकडच्या वाचकाला नवल वाटण्याचे कारण नाही.

दुसरी वाट फौजेची, दरबाराची आणि गुलामीचीही होती. तुर्क, अफगाण, इराणी यांच्याबरोबर तिने आफ्रिकेतील माणसेही येथे आणली. अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर हा इथिओपियात जन्मलेला आणि बालपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला; त्याने वसवलेली खडकी पुढे औरंगाबाद झाली. जंजिऱ्याचे सिद्दी महाराष्ट्राला परिचित आहेतच, परंतु सिद्दींची मोठी वस्ती गुजरातेत आणि उत्तर कन्नड जिल्ह्यात आहे, आणि सीमेपलीकडे सिंध व बलुचिस्तानात तोच समाज ‘शीदी’ या नावाने राहतो. कर्नाटकातील सिद्दी मुसलमान, हिंदू आणि ख्रिस्ती अशा तिन्ही धर्मांत विभागलेले आहेत. त्यांच्या जनुकांचा अभ्यास झाला तेव्हा आफ्रिकेतील बांटू भाषकांशी त्यांचे नाते स्पष्ट दिसले, आणि त्याचबरोबर स्थानिक भारतीय मिसळही.

तिसरी वाट सर्वांत कमी दिसते आणि संख्येने ती सर्वांत मोठी आहे. १८७२ मध्ये इंग्रजांनी बंगालची खानेसुमारी केली, तेव्हा ढाका, चितगाव, मयमनसिंह अशा पूर्वेकडील जिल्ह्यांच्या खेड्यांत मुसलमान बहुसंख्य असल्याचे पाहून सरकारी अधिकारी चकित झाले. सत्तेची केंद्रे दिल्ली आणि आग्रा. तेथे मुसलमान अल्पसंख्य आणि येथे, दलदलीच्या, राजधानीपासून दूरच्या मुलखात, बहुसंख्य! तलवारीच्या धाकाने धर्मांतर झाले म्हणावे, तर जेथे तलवार जास्त तेथे मुसलमान जास्त दिसायला हवे होते. आज इतिहासकारांत बऱ्यापैकी मान्य असलेले स्पष्टीकरण शेतीचे आहे. गंगेचा मुख्य प्रवाह हळूहळू पूर्वेकडे सरकला, नव्या गाळाची जमीन लागवडीस आली, जंगल तोडून भातशेती करणाऱ्या टोळ्यांचे नेतृत्व अनेक ठिकाणी पीर आणि त्यांच्या मशिदींकडे आले, आणि मोगल सरकारने त्यांना जमिनी दिल्या. जे लोक पूर्वी वर्णव्यवस्थेच्या चौकटीतही पुरते आलेले नव्हते, ते काही पिढ्यांत शेतकरी झाले आणि मुसलमानही झाले. कोणत्या वर्षी झाले, हे विचारण्यात अर्थ नाही. भात लावायला शिकण्याची जशी तारीख नसते तशीच याचीही नव्हती.

अलीकडच्या दोन दशकांतील जनुकीय अभ्यासांनी या चित्राला दुजोरा दिला आहे. भारतातील निरनिराळ्या प्रदेशांतील मुसलमानांचे नमुने तपासले असता ते प्रामुख्याने त्याच प्रदेशातील इतर धर्मीय शेजाऱ्यांशी जुळतात. इराण, अरबस्तान यांकडून आलेला अंश सापडतो, पण तो थोडा असतो. अर्थात जनुके माणसाची ओळख ठरवत नाहीत, आणि हा निष्कर्ष कोणाला ‘तुम्ही खरे आमचेच’ असे सुनावण्यासाठी वापरणे हेही एक प्रकारचे राजकारणच आहे.

मग बहुसंख्य मुसलमान स्थानिक वंशाचे असूनही ‘परके मूळ’ ही कल्पना इतकी घट्ट का बसली? याचे एक उत्तर मुसलमान समाजाच्या आतच आहे. धर्मात समता असली तरी समाजात उतरंड होती. सय्यद, शेख, मोगल आणि पठाण हे बाहेरच्या वंशाचा दावा करणारे ‘अश्रफ’, म्हणजे खानदानी. कारागीर आणि शेतकरी ‘अजलफ’. आणि सफाईसारखी कामे करणारे ‘अरझल’. या तीन शब्दांची नोंद १९०१ च्या बंगालच्या खानेसुमारीत आहे. अरबी मूळ ही प्रतिष्ठेची गोष्ट असल्यामुळे, ज्याला परवडेल तो ते मिळवत असे. उत्तर भारतात एक जुनी म्हण होती : ‘गेल्या साली मी जुलाहा (विणकर) होतो, यंदा शेख आहे, पुढच्या साली धान्याला भाव आला तर सय्यद होईन.’ वंशावळीचा कागद, म्हणजे शजरा, हा अनेकदा घराण्याच्या भूतकाळापेक्षा त्याच्या वर्तमानातील ऐपतीविषयी अधिक सांगतो. आपल्याकडे कुणब्याने शहाण्णव कुळी म्हणवून घेण्याची जी धडपड केली, तिच्यापेक्षा हे फार निराळे नव्हते.

पण याच आकांक्षेतून राजकीयदृष्ट्या उलट दिशेचा एक प्रवाहही निघाला. विणकरांनी जुलाहा हे हिणवण्याचे नाव टाकून मदीनेतील प्रेषितांच्या सहायकांवरून ‘अन्सारी’ हे नाव घेतले, आणि त्यांच्या मोमिन कॉन्फरन्सने चाळिसाच्या दशकात पाकिस्तानच्या मागणीला उघड विरोध केला. २३ मार्च १९४० रोजी लाहोर येथे मुस्लिम लीगने जो ठराव मांडला, त्यामागे ‘हिंदू आणि मुसलमान ही दोन राष्ट्रे आहेत’ ही भूमिका होती. मोमिनांचे म्हणणे असे, की हे राष्ट्र जमीनदारांचे आणि नबाबांचे. मागावर बसणाऱ्याचे त्यात काय? १९४६ च्या निवडणुकीत लीगने प्रांतांतील मुस्लिम जागा मोठ्या प्रमाणावर जिंकल्या, हे खरे आहे. त्या निवडणुकीत मताचा अधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर अवलंबून असल्यामुळे बहुतेक प्रौढांना मतच नव्हते, हेही तितकेच खरे आहे आणि ते सहसा सांगितले जात नाही.

आता तारखांकडे वळू. सीमा आखणाऱ्या रॅडक्लिफ यांचा निवाडा १७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी जाहीर झाला. त्यानंतरच्या हिंसेत आणि स्थलांतरात एक कोटीहून अधिक माणसे इकडून तिकडे गेली. सुरुवातीला अनेकांची कल्पना अशी होती, की दंगे शमले की परत यायचे; घराला कुलूप लावून किल्ली शेजाऱ्याकडे ठेवून गेलेली कुटुंबे दोन्ही बाजूंना होती. १९४८ च्या पूर्वार्धात पाकिस्तानातून परत येणाऱ्या मुसलमानांची संख्या वाढू लागली, तेव्हा भारत सरकारने अध्यादेश काढून पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी १९ जुलै १९४८ पासून परमिट सक्तीचे केले. तात्पुरत्या भेटीचे परमिट वेगळे, कायम परत येण्याचे वेगळे, आणि दुसऱ्या प्रकारचे मिळवणे अतिशय कठीण. थोड्याच महिन्यांत पाकिस्ताननेही आपली परमिटे सुरू केली. पासपोर्ट आले ते १९५२ च्या ऑक्टोबरात.

या तारखा पुढे थेट संविधानात गेल्या. अनुच्छेद ७ म्हणतो, की १ मार्च १९४७ नंतर भारतातून पाकिस्तानच्या प्रदेशात ‘स्थलांतर’ केलेली व्यक्ती भारताची नागरिक मानली जाणार नाही. अपवाद फक्त पुनर्वसनाच्या किंवा कायम परत येण्याच्या परमिटावर आलेल्यांचा. मजकुरात धर्माचा उल्लेख नाही. परंतु त्या तारखेनंतर भारतातून पाकिस्तानात जाऊन परत आलेला माणूस कोण असणार, हे सर्वांना माहीत होते.

‘स्थलांतर’ म्हणजे काय, हा प्रश्न मग न्यायालयांत वर्षानुवर्षे घोळत राहिला. त्यातील एक प्रकरण मापिळ्ळा मुलाचे आहे. मलबारातून कराचीला जाऊन चहाच्या दुकानात आणि खाणावळीत काम करणे, विडीचा धंदा करणे ही मापिळ्ळांची फाळणीपूर्वीची नेहमीची रीत होती. कोकणातला माणूस मुंबईला जाई तसा मलबारातला माणूस कराचीला जाई. हा मुलगा १९४८ मध्ये, सज्ञान होण्याच्या बराच आधी, तसाच गेला. काही वर्षांनी घरी परतताना त्याच्या हातात पाकिस्तानी पासपोर्ट होता, कारण तोपर्यंत पासपोर्टाखेरीज परत येण्याचा रस्ताच उरला नव्हता. मुदत संपूनही तो गावीच राहिला आणि खटला झाला. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की अनुच्छेद ७ मधील ‘स्थलांतर’ हा शब्द व्यापक अर्थाने घ्यायचा, त्यासाठी कायमचे जाण्याचा इरादा असणे आवश्यक नाही. मलबारच्या अनेक खेड्यांत अशी माणसे पुढे म्हातारी होईपर्यंत पोलिसांच्या दप्तरी ‘पाकिस्तानी’ म्हणून राहिली. त्यांना उर्दू येत नव्हती, त्यांचे आजोबा-पणजोबा त्याच गावात पुरलेले होते, आणि अरब पूर्वजाची जी काही कथा घरात सांगितली जात असे तिचा या सगळ्याशी काडीचाही संबंध नव्हता.

कराचीत आजही ‘कोकण’ हे नाव लावणारी वसाहत आहे, ती फाळणीच्या आगेमागे तिकडे गेलेल्या कोकणी मुसलमानांची. सिद्दी आणि शीदी यांच्याही वाट्याला वेगवेगळे कायदे आले. कर्नाटकात सिद्दींची गणना २००३ पासून अनुसूचित जमातींत होते. पाकिस्तानात तशी काही सोय नाही, मात्र २०१८ मध्ये तंझीला कंबरानी या सिंधच्या विधानसभेत गेलेल्या पहिल्या शीदी महिला ठरल्या. एकाच किनाऱ्यावर, एकाच प्रकारे गुलाम म्हणून उतरलेल्या माणसांची ही मुले; एकाची ओळख जमात म्हणून नोंदली गेली, दुसऱ्याची फक्त मुसलमान म्हणून.

जमिनीच्या बाबतीत तारखांचे हे राज्य आणखी कठोर झाले. दुसऱ्या देशात गेलेल्यांच्या मालमत्तेवर दोन्ही देशांनी ‘कस्टोडियन’, म्हणजे सरकारी ताबेदार, नेमले, आणि भारताच्या कायद्यात काही काळ ‘जाण्याच्या बेतात असलेला’ अशीही एक वर्गवारी होती. म्हणजे माणूस गेलेलाच नाही, पण तो जाईल असा संशय आहे, एवढ्यावर त्याच्या व्यवहारांवर बंधने येत. १९६५ च्या युद्धानंतर ‘शत्रू मालमत्ता’ हा शब्द आला आणि १९६८ मध्ये त्याचा कायदा झाला. अवधमधील महमूदाबादच्या राजांनी १९५७ मध्ये पाकिस्तानचे नागरिकत्व घेतले, परंतु त्यांचे पुत्र भारतीय नागरिक म्हणून येथेच राहिले, दोनदा आमदारही झाले. वडिलांच्या मालमत्तेसाठी ते तीस वर्षांहून अधिक काळ लढले आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकले. २०१७ मध्ये संसदेने कायदाच बदलला : वारस भारतीय असला तरी शत्रूची मालमत्ता ती शत्रूचीच, आणि हा बदल १९६८ पासून लागू. पूर्व पाकिस्तानात १९६५ चा असाच कायदा उलट्या बाजूने, हिंदूंवर चालला. बांगलादेश झाल्यावर त्याचे नाव १९७४ मध्ये ‘निहित मालमत्ता’ असे बदलले आणि भारतात गेलेल्या नातेवाइकांच्या निमित्ताने मागे राहिलेल्या हिंदूंच्या जमिनी जात राहिल्या. कायदा कोणत्याही धर्माच्या हातात असो, तो एकच चाल खेळतो, हे या दोन उदाहरणांवरून दिसते.

धर्म एक असला की राष्ट्र एक होते, या गृहीतकाची खरी परीक्षा पूर्वेकडे झाली. पाकिस्तानचे दोन भाग दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतरावर होते, आणि पश्चिमेच्या सत्ताधाऱ्यांच्या मनात अश्रफ-अजलफची जुनी उतरंड नव्या वेषात जिवंत होती. अध्यक्ष अयूब खान यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात लिहिले, की पूर्व बंगाली लोक बहुधा भारतातील अगदी मूळच्या वंशांपैकी आहेत आणि त्यांच्यावर हिंदू संस्कृतीचा व भाषेचा मोठा प्रभाव आहे. एका राष्ट्राध्यक्षाने आपल्याच देशाच्या बहुसंख्य नागरिकांविषयी हे लिहावे, आणि ते कमीपणाच्या अर्थाने लिहावे! उर्दू ही एकमेव राष्ट्रभाषा करण्याच्या आग्रहाविरुद्ध २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात विद्यार्थी गोळीबारात पडले, त्या घटनेपासून १९७१ पर्यंतचा रस्ता सरळ आहे.

त्या रस्त्यात चिरडले गेले ते ‘बिहारी’. १९४६ च्या शरदात बिहारमध्ये मुसलमानांची मोठी कत्तल झाली. तेथून आणि संयुक्त प्रांतातून लाखो उर्दू भाषक सर्वांत जवळचे पाकिस्तान म्हणून पूर्व बंगालकडे गेले. सय्यदपूरच्या रेल्वे कारखान्यात त्यांना कामे मिळाली, ढाक्यात घरे मिळाली. भाषेमुळे ते पश्चिमेच्या सत्तेला जवळचे वाटत, आणि १९७१ च्या युद्धात त्यांच्यातील अनेकांनी पाकिस्तानी सैन्याची बाजू घेतली, काहींनी अत्याचारांत भाग घेतला. युद्धाच्या आधी आणि नंतर त्यांच्याही कत्तली झाल्या. डिसेंबर १९७१ नंतर ज्या देशासाठी ते आले होते तो देश त्यांच्या पायाखालून निघून गेला होता आणि आजूबाजूचा नवा देश त्यांना शत्रू मानत होता.

त्यांच्यासाठी जिनिव्हात मुख्यालय असलेल्या रेडक्रॉसने छावण्या उभारल्या. ढाक्याच्या मोहम्मदपूर भागातील छावणीला म्हणूनच ‘जिनिव्हा कॅम्प’ हे नाव पडले. दहा फूट लांब-रुंद खोलीत एक कुटुंब, सामायिक नळ, सामायिक संडास, गल्लीत जरीचे काम करणारी मुले आणि कबाबाच्या शेगड्या, अशी ती वस्ती पन्नास वर्षांनंतरही तशीच आहे. १९७३ आणि १९७४ च्या करारांनी पाकिस्तानने काही ठरावीक वर्गांनाच घेण्याचे मान्य केले : जे मूळ पश्चिमेचे रहिवासी होते ते, केंद्र सरकारचे नोकर, विभागलेल्या कुटुंबांतील माणसे आणि हलाखीत असलेले सुमारे पंचवीस हजार. एकूण दीड-पावणेदोन लाख लोक गेले. उरलेल्यांना दोन्ही सरकारांनी ‘अडकून पडलेले पाकिस्तानी’ म्हणून सोडून दिले. १९९३ मध्ये काहीशे लोकांना पंजाबात वसवले, आणि मग तेही थांबले. सिंधमध्ये मुहाजिरांची, म्हणजे फाळणीनंतर भारतातून आलेल्या उर्दू भाषकांची, संख्या वाढण्याला असलेला विरोध हे त्याचे एक मोठे कारण होते.

सुटका झाली ती न्यायालयातून, आणि पुन्हा तारखेच्याच आधाराने. छावणीतील काही तरुणांनी मतदार यादीत नाव घालावे म्हणून ढाक्याच्या उच्च न्यायालयात दाद मागितली; २००३ मध्ये त्यांच्यापुरता निकाल लागला आणि मे २००८ मध्ये न्यायालयाने व्यापक निर्णय दिला, की १९७१ मध्ये जे अज्ञान होते किंवा त्यानंतर जन्मले, ते बांगलादेशाचे नागरिक आहेत. त्यांच्या आईबापांनी कोणती बाजू घेतली होती, घरात कोणती भाषा बोलली जाते, आजोबा गयेचे की मोंघीरचे, हे प्रश्न न्यायालयाने बाजूला ठेवले आणि त्या वर्षी मुलाचे वय किती होते एवढेच पाहिले. कराचीच्या मच्छर कॉलनीत याच्या नेमके उलट चित्र आहे. तेथील बंगाली भाषक कोळी आणि मजूर कित्येक पिढ्या राहूनही ओळखपत्रासाठी खेटे घालतात, कारण १९७१ नंतर बंगाली असणे म्हणजे परका असणे, असे कचेऱ्यांनी मानले.

आसामचा उल्लेख थोडक्यातच करतो, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. तेथे नागरिकत्वासाठी मर्यादेची तारीख २४ मार्च १९७१ आहे. तिच्या आधारे केलेल्या नागरिक नोंदणीतून २०१९ मध्ये १९ लाखांहून अधिक माणसे बाहेर राहिली, आणि त्यांत हिंदू व मुसलमान दोघेही होते. त्याच वर्षीच्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने तीन शेजारी देशांतून आलेल्या सहा धर्मांच्या लोकांसाठी ३१ डिसेंबर २०१४ ही वेगळी तारीख ठरवली आणि मुसलमानांना तीतून वगळले. दुसरीकडे २०२२ मध्ये आसाम सरकारने गोरिया, मोरिया, जुलहा, देशी आणि सय्यद या पाच गटांना ‘मूळ आसामी मुसलमान’ म्हणून मान्यता दिली. मोरिया म्हणजे सोळाव्या शतकातील एका स्वारीत आहोमांच्या हाती लागलेले युद्धकैदी, असे परंपरा सांगते. देशी हे कोच-राजवंशी समाजातून मुसलमान झालेले. गौडहून, म्हणजे बंगालच्या जुन्या राजधानीहून, आलेल्या सैनिकाचा वंशज येथे मूळचा ठरतो, कारण तो लवकर आला. मयमनसिंहचा शेतकरी उपरा ठरतो, कारण तो उशिरा आला.

लवकर आणि उशिरा यांतील हा फरक सर्वांत निर्दयपणे लागू झाला तो म्यानमारमध्ये. आराकान, म्हणजे आजचा राखाइन प्रांत, डोंगरांमुळे उर्वरित ब्रह्मदेशापासून तुटलेला आणि समुद्राने चितगावशी जोडलेला. म्रौक-ऊ येथून राज्य करणारे तेथील बौद्ध राजे पंधराव्या-सोळाव्या शतकांत मुसलमानी बिरुदे धारण करीत आणि काही नाण्यांवर फार्सी अक्षरे कोरीत. सतराव्या शतकात बंगाली कवी आलाओल याच दरबारात होता. याच काळात आराकानी आणि पोर्तुगीज चाचे बंगालच्या किनाऱ्यावर छापे घालून हिंदू-मुसलमान कैदी धरून आणत आणि त्यांना शेतावर जुंपत. १७९९ मध्ये फ्रान्सिस बुकॅनन या इंग्रजी कंपनीच्या डॉक्टराने आराकानात फार काळ राहणारे मुसलमान स्वतःला ‘रूइंगा’ म्हणवतात, अशी नोंद केली. १८२६ मध्ये आराकान इंग्रजांकडे आले, आणि भातशेतीसाठी चितगावहून मजुरांचा ओघ सुरू झाला. १ एप्रिल १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हा ब्रिटिश हिंदुस्थानाचाच भाग होता, त्यामुळे चितगाव आणि आराकान यांच्यामधली नाफ नदी ओलांडणे म्हणजे एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाणे एवढेच होते.

रोहिंग्यांच्या पूर्वजांत म्हणून दरबारी आहेत, कैदी आहेत, खलाशी आहेत आणि मजूरही आहेत. रंगूनकडे हिंदी मुसलमान बाप आणि ब्रह्मी आई यांच्या मुलांना ‘झेरबादी’ म्हणत; ते भाषेने, वेषाने ब्रह्मी, तरी १९३८ च्या दंगलींत त्यांनाही झळ बसलीच. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने पूर्ण नागरिकत्वाचा हक्क अशा ‘राष्ट्रीय वंशां’ना दिला, जे १८२३ पूर्वी, म्हणजे पहिल्या इंग्रज-ब्रह्मी युद्धाच्या आधी, तेथे वसलेले होते. सरकारने मानलेल्या १३५ वंशांच्या यादीत रोहिंग्या नाहीत. एकाच घरात १७९० चा पणजोबा आणि १८५० ची पणजी असेल तर काय, याला यादीत उत्तर नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सुरू झालेल्या लष्करी कारवाईनंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या नाफ ओलांडून बांगलादेशात गेले. तेथे ते निर्वासित आहेत आणि म्यानमारच्या दृष्टीने ‘बंगाली’ आहेत.

त्या १३५ नावांत मात्र राखाइनचाच एक मुसलमान समाज आहे. त्याचे नाव कमान. शहाजहानचा मुलगा शाह शुजा औरंगजेबाकडून हरल्यावर १६६० मध्ये आराकानच्या राजाकडे आश्रयाला गेला आणि तेथे मारला गेला; त्याच्याबरोबरच्या धनुर्धरांना राजाने आपल्या पहाऱ्यावर ठेवून घेतले. कमान हा फार्सी शब्द, अर्थ धनुष्य. मोगल पळपुट्याचे हे तिरंदाज १८२३ च्या आत बसतात, म्हणून ते कायद्याने भूमिपुत्र आहेत. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये राखाइनमध्ये दंगली पसरल्या, तेव्हा क्याउकफ्यू शहरातील कमान मोहल्लाही जाळला गेला, आणि तेथील माणसे होड्यांतून पळून छावण्यांत गेली. नागरिकत्वाचे कागद त्यांतल्या अनेकांच्या खिशातच होते.